प्रकल्प नोंदी: क्लोजिंगच्या जॉबमधला "भाजक शून्य"

३ मार्च, सोमवार

फेब्रुवारीचं क्लोजिंग काल रात्री लावून गेलो होतो. सकाळी आलो तर स्क्रीनवर लाल पट्टी: "सरासरी दर काढता आला नाही. भाजक शून्य आहे. वगळलेले आयटम: ११."

या नोंदी उद्या माझ्या जागी बसणारा कुणीतरी वाचेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी. सॉफ्टवेअर आमचंच, घरात बनवलेलं. स्टॉक, खरेदी, कॉस्टिंग सगळं एकाच डेटाबेसवर, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर. महिनाअखेरीला रात्रीचा जॉब प्रत्येक आयटमची आवक-जावक बेरजेला घेतो, शिल्लक संख्या काढतो, शिल्लक मूल्य काढतो आणि मूल्याला संख्येने भागतो. येईल तो दर पुढच्या महिन्याचा ओपनिंग दर. एका ओळीचा भागाकार आहे. त्यात बिघडायला जागा तरी किती, असं आज सकाळी मला वाटत होतं.

हा मेसेज नवा नाही. वर्षातून दोन-तीनदा यायचा, एखाददुसरा आयटम असायचा, हाताने दर भरून पुढे जायचो. अकरा एकदम कधी नव्हते. अकाउंट्सच्या मॅडमचा दहा वाजता फोन: "अहो, झालं का तुमचं? मला ट्रायल बॅलन्स काढायचाय." (म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची ताळ्याची यादी.) त्यांना उद्या दुपारपर्यंत सांगतो म्हणालो. चूक केली.

४ मार्च, मंगळवार

अख्खा दिवस शून्य शोधण्यात गेला आणि एकही सापडलं नाही.

प्रोसिजरमध्ये, म्हणजे जॉब चालवतो त्या डेटाबेसमधल्या कोडमध्ये, भागाकाराच्या आधी अट आहेच: शिल्लक संख्या <> ० असेल, म्हणजे शून्य नसेल, तरच भागाकार करायचा. म्हणजे भाजक शून्य असेल तर तो आयटम भागाकारापर्यंत पोचतच नाही. तरीही मेसेज म्हणतो भाजक शून्य. दोन्हीपैकी एक खोटं बोलतंय. मी अटीवर संशय घेतला, मेसेजवर नाही. लाल रंगात लिहिलेल्या गोष्टीवर माणूस उगाच विश्वास ठेवतो.

नल व्हॅल्यू, म्हणजे काहीच न भरलेल्या जागा, तपासल्या. एकाही रकान्यात नल नाही. (असती तरी बेरजेत ती गाळली जाते आणि भागाकारात उत्तर नल येतं, एरर येत नाही. हे माहीत असूनही तास घालवला.) दुसऱ्या महिन्याची स्लिप या महिन्यात पडली आहे का, तेही पाहिलं. नाही.

जॉब तीनदा पुन्हा चालवला. पहिल्यांदा ११, मग ९, मग परत ११. डेटा तोच, कोड तोच, मध्ये कुणीही एंट्री केलेली नाही. दोन आयटम मधूनच बरे होतात आणि परत आजारी पडतात.

एक गोष्ट दिसली ती फक्त टिपून ठेवतो: स्टॉक रिपोर्टमध्ये या अकरांपैकी काहींची शिल्लक ०.०० ऐवजी -०.०० छापली आहे. शून्याच्या आधी वजा चिन्ह. प्रिंटिंगची गंमत असेल.

५ मार्च, बुधवार

गंमत नव्हती. पण आधी मेसेजचं.

जेवणानंतर शेवटी प्रोसिजरचा कॅच ब्लॉक उघडला. भागाकाराच्या टप्प्यात कुठलाही एरर आला तरी हा ब्लॉक तो पकडतो, आयटम वगळतो आणि एकच ठरलेलं वाक्य लिहितो: "भाजक शून्य आहे." खरा एरर नंबर कुठेही जपून ठेवत नाही. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्यासमोर त्या दिवशी शून्याने भागाकाराचाच एरर असणार. मग शून्याची अट आली, तो एरर बंद झाला, वाक्य मात्र तसंच राहिलं. तेव्हापासून कसलाही ताप आला तरी चिठ्ठीवर मलेरियाच.

टेस्ट सर्व्हरवर कालचा बॅकअप चढवला आणि कॅच ब्लॉकमध्ये तीन गोष्टी छापायला लावल्या: एरर नंबर, सर्व्हरचा मूळ मजकूर, आणि त्या आयटमची संख्या व मूल्य कुठलाही राउंडिंग न करता.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये शून्याने भागाकाराचा नंबर ८१३४. माझ्या अकराच्या अकरा आयटमना आला ८११५: अ‍ॅरिथमेटिक ओव्हरफ्लो एरर, फ्लोटचं न्यूमेरिकमध्ये रूपांतर करताना. (फ्लोट हा बायनरीत साठवलेला आकडा, न्यूमेरिक किंवा डेसिमल म्हणजे ठरलेल्या अंकांचा दशमान आकडा.)

म्हणजे भागाकार व्यवस्थित झाला होता. उत्तर ठेवायला जागा पुरली नाही. दराचा कॉलम डेसिमल (१८,४) आहे: एकूण १८ अंक, त्यातले ४ दशांश चिन्हानंतर, म्हणजे आधी जास्तीत जास्त १४. आमच्या एखाद्या आयटमचा दर चौदा अंकांतही मावत नाही, असं सर्व्हर सांगत होता, आणि आम्ही ते वाक्य फेकून देऊन त्याजागी स्वतःचं चिकटवत होतो.

भाजक शून्य नव्हता, शून्याच्या अगदी जवळ होता. पहिल्याच आयटमची संख्या छापून आली: -२.७८ई-१७. दशांश चिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग २७८, आधी वजा. रिपोर्टने दोन दशांशांत छापताना त्याचंच -०.०० केलं होतं.

मॅडमना सांगितलं की अजून दोन दिवस लागतील. त्यांनी "बरं" म्हटलं. ते "बरं" बरं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

एकच आयटम घेतला, सगळ्यात छोटा. महिन्याभरात चारच स्लिपा:

आवक ०.३ किलो, मूल्य १०.००. सरासरी दर ३३.३३३३.
जावक ०.१ किलो, मूल्य ३.३३.
जावक ०.१ किलो, मूल्य ३.३३.
जावक ०.१ किलो, मूल्य ३.३३.

कागदावर शिल्लक संख्या ०. शिल्लक मूल्य १०.०० वजा ९.९९, म्हणजे ०.०१. हा ०.०१ खरा आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

संख्येचा कॉलम फ्लोट आहे. फ्लोट म्हणजे दुहेरी अचूकतेचा बायनरी आकडा, आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकातला: ८ बाइट, त्यात ५३ बिट आकड्याच्या अचूकतेला. ०.१ हा आकडा बायनरीत नेमका लिहिताच येत नाही, तो अनंत आवर्ती होतो, म्हणून ५३ बिटांत बसेल तेवढा ठेवला जातो. प्रत्यक्षात ०.१ च्या जागी असतं ०.१०००००००००००००००००५५ च्या आसपास, म्हणजे किंचित जास्त. ०.३ च्या जागी असतं ०.२९९९९९९९९९९९९९९९८८९ च्या आसपास, म्हणजे किंचित कमी. भांडं किंचित उणं आणि माप किंचित मोठं. तीन मापं काढली की भांडं उण्यात जाणारच. उरतं -२.७८ई-१७.

अट विचारते, संख्या शून्य आहे का? नाही. मग भागा: ०.०१ ला या आकड्याने. उत्तर वजा ३६०२८७९७०१८९६३९.६८. दशांश चिन्हाआधी पंधरा अंक. कॉलममध्ये जागा चौदा. ८११५.

मॅडमच्या टेबलावर जाऊन हे सांगितलं. त्यांनी समोरच एक्सेल उघडलं आणि टाइप केलं: =०.३-०.१-०.१-०.१. उत्तर शून्य. "बघा, माझ्याकडे तर शून्यच येतंय. तुमच्या सर्व्हरलाच काहीतरी झालंय."

क्षणभर मीही गप्प. मग आठवलं. शेवटची क्रिया वजाबाकी असेल आणि उत्तर शून्याच्या अगदी जवळ येत असेल तर एक्सेल सरळ शून्य दाखवतं, वापरणाऱ्याला असला कचरा दिसू नये म्हणून. त्यांना म्हटलं, तेच सगळं कंसात घाला आणि पुढे एकने गुणा. घातलं. -२.७८ई-१७. एकने गुणल्यावर उत्तर बदलतं हे पाहून त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे हे इतकी वर्षं मला खोटं शून्य दाखवत होतं?" खोटं नाही, सभ्य म्हणा, असं म्हणालो. त्या हसल्या नाहीत, पण आज दुपारी क्लोजिंगचा फोनही आला नाही.

७ मार्च, शुक्रवार

मधूनच बरे होणारे दोन आयटम. कोडं लवकर सुटलं.

त्यातल्या एकाच्या स्लिपा: आवक ०.१, ०.२, ०.३, जावक ०.६. याच क्रमाने बेरीज केली तर ०.६ वजा करण्याआधी मिळतं ०.६०००००००००००००००१ आणि मागे उरतं १.११ई-१६. उलट्या क्रमाने, ०.३ अधिक ०.२ अधिक ०.१, केली तर नेमकं ०.६ आणि मागे अगदी स्वच्छ शून्य. फ्लोटच्या बेरजेत क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. मोठ्या टेबलवर सर्व्हर बेरजेचं काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत, वाटून देतो आणि कुणाचा तुकडा आधी येईल याची हमी नसते. म्हणून तोच डेटा, तोच कोड, कधी ९ कधी ११. एका थ्रेडवर सक्तीने चालवलं तेव्हा सहाच्या सहा वेळा ११ आले.

या आयटमच्या मूल्यात बिलाच्या एका दुरुस्तीमुळे ०.०२ उरले होते. भागाकाराचं उत्तर १८०१४३९८५०९४८१९.८४, पंधरा अंक, म्हणून एरर.

घरी जाताना सहज हिशोब केला: ०.०२ ऐवजी ०.०१ उरले असते तर? ९००७१९९२५४७४०९.९२. चौदा अंक.

चौदा अंक मावतात. एरर येणार नाही. हा दर मुकाट्याने सेव्ह होईल.

शनिवार-रविवार याच विचारात जाणार.

१० मार्च, सोमवार

आल्या आल्या क्वेरी लिहिली: मागच्या सगळ्या क्लोजिंगमधले असे आयटम, ज्यांचा दर शून्याखाली आहे किंवा शेवटच्या खरेदी दराच्या शंभरपटीहून जास्त आहे. ४३ नोंदी. सगळ्यात जुनी साडेतीन वर्षांपूर्वीची.

म्हणजे एरर आलेले अकरा हे नशीबवान होते. त्यांनी आरडाओरडा तरी केला. हे त्रेचाळीस निमूट बसून होते.

आणि त्यांच्यात एक रीत दिसते. एरर देणारे बहुतेक आयटम किरकोळ प्रमाणात येणारे, अर्धा किलो, पाव किलो. मुकाट बसलेले सगळे मोठ्या प्रमाणातले. कारण फ्लोटची बारीक चूक आकड्याच्या आकाराबरोबर वाढते. एक उदाहरण पूर्ण सोडवून ठेवतो. आवक १००.१ आणि २००.२, एकूण मूल्य ७०००.००. दर चार दशांशांत २३.३१००. जावक एकदम ३००.३, मूल्य ६९९९.९९३, राउंड करून ६९९९.९९. मूल्य उरलं ०.०१. संख्या कागदावर शून्य, पण फ्लोटमध्ये १००.१ अधिक २००.२ होतात ३००.२९९९९९९९९९९९९५, म्हणून उरलं -५.६८ई-१४. ही चूक छोट्या आयटमच्या चुकीपेक्षा दोन हजारपट मोठी. भाजक मोठा झाला, भागाकार लहान झाला: वजा १७५९२१८६०४४४.१६. बारा अंक. कॉलममध्ये ऐसपैस बसतो.

मग इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही? तीन कारणं सापडली, तिसरं सांगायला लाज वाटते.

स्टॉक मूल्याचा रिपोर्ट संख्या गुणिले दर करतो. त्या महाकाय वजा दराला त्या सूक्ष्म वजा संख्येने गुणलं की परत ०.०१ येतो. एकूण बेरीज तंतोतंत बरोबर. ऑडिटमध्येही बरोबरच दिसणार. नवीन आवक आली की दर पुन्हा मूल्य भागिले संख्या असा निघतो आणि तो राक्षस आपोआप विरघळतो. हे दुसरं.

तिसरं म्हणजे एस्टिमेटची स्क्रीन. ती हाच दर थेट उचलते, तिथे तरी बोंब व्हायला हवी होती. तिथे एक अट आहे: दर शून्याहून कमी किंवा एक लाखाहून जास्त असेल तर गुपचूप शेवटचा खरेदी दर घे. वर कॉमेंट: "तात्पुरतं, कारण शोधायचं आहे." कॉमेंट माझी. चार वर्षांपूर्वीची. कारण आज शोधलं.

दुपारी मॅडमना विचारलं, दरांच्या तुलनेचा रिपोर्ट तुम्ही दर महिन्याला काढता, त्यात असं काही दिसलं नाही का? त्या म्हणाल्या, "ते अब्जावधीचे ना? दिसतात की. मी त्या ओळी हाताने काढून टाकते. मला वाटलं तसंच असतं."

कितव्या महिन्यापासून, हे विचारायचं धाडस झालं नाही.

११ मार्च, मंगळवार

उपायांवर बसलो. मी आणि आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा.

त्याची पहिली सूचना: सेशनमध्ये अ‍ॅरिथअबॉर्ट आणि अ‍ॅन्सी वॉर्निंग्ज या सर्व्हरच्या सेटिंग दोन्ही बंद करू, म्हणजे ओव्हरफ्लो झाला तरी जॉब थांबणार नाही, दराच्या जागी नल येईल. माहिती बरोबर आहे त्याची, सर्व्हर तसंच वागतो. पण त्याला कालची त्रेचाळीसची यादी दाखवली. आपल्याकडे ओरडणारे आयटम कमी आहेत की काय, म्हणून उरलेल्यांच्या तोंडावरही हात ठेवायचा?

दुसरी: शून्याच्या ऐवजी थोडी सूट ठेवायची. संख्या ०.०००५ पेक्षा लहान असेल तर शून्य समजायची. चालेल, आणि आजच्या आज होईल. पण शून्याशी तुलना कोडमध्ये किती ठिकाणी आहे ते मोजलं: १९. एकोणीस ठिकाणी सूट घालायची, आणि विसावी जागा लिहिणाऱ्याला हे माहीत असेल अशी आशा करायची. तात्पुरतं म्हणून फक्त क्लोजिंगच्या प्रोसिजरमध्ये ही सूट घातली, फेब्रुवारी बंद करून दिला, मॅडमचा ट्रायल बॅलन्स निघाला. कॉमेंटमध्ये यावेळी तारीख लिहिली: ३१ मार्चच्या आत काढणे.

खरा उपाय तिसरा: संख्येचा कॉलम फ्लोटवरून डेसिमल (१८,३) करायचा. आमचा सगळ्यात बारीक काटा एक ग्रॅम दाखवतो, म्हणजे ०.००१ किलो. त्याखाली मोजायला आमच्याकडे साधनच नाही, मग सतरा अंकांची अचूकता कशाला सांभाळायची? डेसिमलमध्ये ०.१ म्हणजे ०.१. तीनदा काढा, शून्य म्हणजे शून्य.

मुळात फ्लोट का ठेवला असेल? मूल्याचा कॉलम पहिल्या दिवसापासून डेसिमल आहे. पैशाच्या बाबतीत सगळे सावध असतात. वजनाला कुणी पैसा समजलं नाही.

१२ मार्च, बुधवार

डेसिमल भागिले डेसिमलमध्ये एक खाच आहे, ती लिहून ठेवतो. बेरीज केली की सर्व्हर निकालाचा टाइप डेसिमल (३८,...) करतो. असे दोन ३८ अंकी एकमेकांनी भागले की एकूण अंकांची मर्यादा ओलांडली जाते, आणि सर्व्हर दशांशाची बाजू कापत कापत सहापर्यंत आणतो. म्हणजे कितीही आकडेमोड केली तरी दरात सहाच दशांश मिळतात. आम्हाला चार लागतात, म्हणून चालेल. आठ लागणाऱ्याने भागाकाराआधी कास्ट करून, म्हणजे कमी अंकांच्या टाइपमध्ये बदलून, घ्यावं.

१३ मार्च, गुरुवार

आता तो ०.०१.

संख्या शून्य झाली तरी मूल्यात ०.०१ उरतोच, कारण १० चे तीन समान भाग दोन दशांशांत होत नाहीत. यात कॉम्प्युटरचा काही दोष नाही, वहीतही हेच होईल. टाइप बदलल्यावर भागाकार टळेल, पण हा ०.०१ त्या आयटमच्या नावावर लटकत राहील आणि पुढच्या आवकेच्या दरात मिसळेल.

माझं म्हणणं होतं, शेवटच्या जावकेने शिल्लक सगळी उचलावी. संख्या शून्यावर येत असेल तर त्या स्लिपचं मूल्य ३.३३ ऐवजी ३.३४. सुटसुटीत, कुणाला कळणारही नाही.

मॅडम म्हणाल्या, "कुणाला कळणार नाही म्हणूनच नको." एकाच दिवशी, एकाच मालाच्या दोन स्लिपांवर वेगळं मूल्य दिसलं तर त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. त्यांना वेगळी एंट्री हवी: राउंडिंग फरक, त्याचं स्वतःचं खातं, महिनाअखेरीला एकत्र बेरीज. खातं फुगायला लागलं तर काहीतरी बिघडलंय हे तिथेच दिसेल. मी तासभर वाद घातला, मग गेल्या आठवड्यात मी स्वतः काय काय बोललो ते आठवलं आणि गप्प बसलो. त्यांचंच बरोबर आहे. वेगळी एंट्री ठरली.

१४ मार्च, शुक्रवार

टेस्ट सर्व्हरवर कॉलम बदलला. रूपांतराची स्क्रिप्ट मुलाने लिहिली होती, तीन दशांशांनंतरचं सरळ छाटणारी. २.९९९९९९९९९ चं २.९९९ होत होतं. राउंड करून घ्यायला लावलं. त्याला व्हँकुव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकाची गोष्ट सांगितली: १९८२ मध्ये १००० वर सुरू केला, दर व्यवहारानंतर तिसऱ्या दशांशापुढचं राउंड न करता छाटत गेले, आणि नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ वर घसरला. फेरहिशोब केल्यावर खरा आकडा १०९८ च्या वर निघाला. बाजार कोसळला नव्हता, कात्री चालली होती. मुलाने विचारलं, बावीस महिने कुणी पाहिलं नाही? मी विषय बदलला.

राउंड केल्यावर जुनी आणि नवी शिल्लक ताडून पाहिली. आयटममागे फरक ०.०००५ च्या आत. तीन आयटम सोडून.

१७ मार्च, सोमवार

ते तीन आयटम डझनावर येतात आणि नगावर जातात. एक नग दिला की सिस्टिम एक भागिले बारा, म्हणजे ०.०८३३३३... डझन वजा करते. फ्लोटमध्ये हे निभावून जात होतं, सोळा अंकांपर्यंत लांब आकडा असल्याने. डेसिमल (१८,३) मध्ये ते झालं ०.०८३. बारा वेळा दिले की गेले ०.९९६ डझन. शिल्लक ०.००४, आणि ती यापुढे कधीच शून्य होणार नाही.

माझा खरा उपाय इथे खोट्यापेक्षा वाईट ठरला. फ्लोटची चूक निदान डोळ्यांना दिसत नव्हती, ही सरळ रिपोर्टवर छापून आली. स्टोअरच्या काकांना टेस्टचा प्रिंट दाखवला. त्यांनी तो लांब धरून वाचला आणि म्हणाले, "हे शून्य पॉइंट शून्य शून्य चार डझन मी कुठल्या खणात ठेवू, तेवढं सांग."

दशांश वाढवून भागणार नाही, एक बारांश कितीही दशांशांत पुरा होत नाही. बायनरीला ०.१ जड जातं तसं दशमानाला १/१२. उपाय एकच: मोजायचं ते ज्या एककात हातात येतं त्यातच साठवायचं. नग म्हणजे नग, पूर्णांकात. डझन फक्त खरेदीच्या स्क्रीनवर, आत येतानाच बाराने गुणून. काका म्हणाले, "मी तर पहिल्यापासून नगच मोजतो. डझन तुमच्या कॉम्प्युटरचे." हे कुणी त्यांना आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. विचारायचं काम माझंच होतं.

१८ ते २१ मार्च

तीन आयटमचं एकक बदललं, जुन्या स्लिपा नगात फिरवल्या. एकोणीस ठिकाणच्या तुलना पाहिल्या. दर काढण्याची अट "शून्य नसेल तर" ऐवजी "शून्यापेक्षा जास्त असेल तर" केली, कारण वजा शिल्लकेवर दर काढण्यात तसाही अर्थ नाही. राउंडिंग फरकाची एंट्री लावली. कॅच ब्लॉक आता नंबर, मूळ मजकूर, आयटम, संख्या आणि मूल्य पाचही लिहितो. टेस्टवर मागची छत्तीस क्लोजिंग पुन्हा चालवली. ८११५ एकदाही नाही. वगळलेल्या आयटमचा आकडा कधी ९, कधी ११ असा डुलतही नाही.

२२ मार्च, शनिवार

सुट्टीच्या दिवशी लाइव्हवर चढवलं. बॅकअप दोन, दुसरा वेगळ्या मशीनवर. कॉलम बदलायला अंदाज वीस मिनिटांचा होता, लागले पन्नास. एका इंडेक्सने अडवलं, तो पाडून परत बांधावा लागला. संध्याकाळी सातला सगळं उभं.

२४ मार्च, सोमवार

एस्टिमेटच्या स्क्रीनमधली माझी "तात्पुरतं" अट काढली. काढताना भीती वाटली हे कबूल करतो, म्हणून तिच्या जागी मूग गिळणारी अट न ठेवता लॉगमध्ये ओरडणारी ठेवली. क्लोजिंगमधली ०.०००५ ची सूटही काढली, मुदतीच्या आठवडाभर आधी. दिवसभरात लॉग रिकामा.

मॅडमनी तुलनेचा रिपोर्ट काढला. एकही ओळ खोडावी लागली नाही म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "आता कमी ओळी आल्यात, काही गाळलं तर नाही ना?" आयटमची संख्या जुन्या रिपोर्टशी जुळवून दाखवली तेव्हा पटलं.

१ एप्रिल, मंगळवार

मार्चचं क्लोजिंग रात्री पूर्ण झालं, ४१ मिनिटांत. राउंडिंग फरकाच्या खात्यात महिन्याची बेरीज ०.१७.

लाल पट्टी मात्र होती. एक ओळ: "दर काढला नाही. शिल्लक संख्या -२.०००, शिल्लक मूल्य -४६.६२." इथे वजा दोन म्हणजे खरोखर वजा दोन. काकांना फोन केला. माल आल्या आल्या कुणीतरी घाईने दोन किलो उचलले होते, जावकेची एंट्री झाली आणि आवकेची स्लिप त्यांच्या खणातच राहिली होती. त्यांनी ती फोनवर वाचून दाखवली, मॅडमनी एंट्री केली, त्या एका आयटमचं क्लोजिंग पुन्हा लावलं. पट्टी गेली.